कृत्य घरचें, न्यायासन परदेशचें

२९ नोव्हेंबर २०१० रोजीं इंग्लंडमधील शेफील्ड शहरीं रिचर्ड ओड्वायर नांवाच्या एका विद्यार्थ्याच्या खोलीवर पोलीस आले. विद्यार्थ्याच्या खोलीवर पोलीस येणें ही विद्यापीठाच्या गांवीं अगदींच अपूर्व गोष्ट नव्हे. परंतु या पोलिसांच्या समवेत अमेरिकन सरकारचे अधिकारी होते. आणि ज्या कृत्याच्या चौकशीसाठीं ते समुद्र ओलांडून आले होते, तें कृत्य अमेरिकेंत घडलेलें नव्हतें. तें इंग्लंडांतच, एका संगणकासमोर बसून केलेलें होतें.

ओड्वायर शेफील्ड हॅलम विद्यापीठांत शिकत असे. डिसेंबर २००७ मध्यें, वयास वीस वर्षे पुरीं होण्यापूर्वींच, त्यानें ‘टीव्हीशॅक’ नांवाचें एक संकेतस्थळ उघडलें. या संकेतस्थळावर चित्रपट अथवा दूरचित्रवाणीच्या मालिका साठविलेल्या नसत. त्या इंटरनेटवर इतरत्र कोठें पाहावयास मिळतात त्याचे दुवे तेवढे तेथें नीट वर्गवारी करून लावलेले असत. ग्रंथालयांतील सूची चाळावी, पुस्तकाचें नांव दिसावें, आणि पुस्तक मात्र दुसऱ्याच कोणाच्या कपाटांत सांपडावें, तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच कीं, त्या दुसऱ्याच्या कपाटांतील पुष्कळसा माल मूळ मालकाच्या संमतीवांचून तेथें आलेला होता, आणि ही सूची पाहावयास येणाऱ्यांच्या संख्येवर जाहिरातींचें उत्पन्न अवलंबून होतें. हें उत्पन्न २ लक्ष ३० हजार डॉलरांहून अधिक झालें, असें अमेरिकन सरकारचें म्हणणें होतें. तेव्हां एका भोळ्या पोराचा निरुपद्रवी खेळ म्हणून या प्रकरणाकडे पाहणें बरोबर होणार नाहीं. ३० जून २०१० रोजीं अमेरिकन सरकारनें त्या संकेतस्थळाचें ‘डॉट नेट’ हें नांव जप्त केलें, कारण त्या नांवांची नोंदवही ठेवणारी कंपनी अमेरिकेंत आहे. आणि या पठ्ठ्यानें लागलीच ‘डॉट सीसी’ या नांवानें दुसरें दुकान थाटलें. नोव्हेंबरांत पोलीस दारांत उभे राहिले तेव्हां कोठें त्यानें तें बंद केलें.

यानंतर जें घडलें तें विचार करण्यासारखें आहे. मे २०११ मध्यें ओड्वायर यास सांगण्यांत आलें कीं, इंग्लिश पोलिसांनीं आपला तपास सोडून दिला आहे. परंतु त्याच वेळीं अमेरिकेच्या मागणीवरून निघालेलें वॉरंट त्याच्या हातीं पडलें. स्वामित्वहक्काचा भंग करणें आणि तो करण्याचा कट करणें, असे दोन आरोप न्यूयॉर्कच्या न्यायालयांत त्याच्यावर ठेवलेले होते; प्रत्येकास अधिकांत अधिक पांच वर्षांची शिक्षा. म्हणजे ज्या देशांत तो जन्मला, शिकला व जेथें त्यानें हें कृत्य केलें, तेथें त्याच्यावर कोणताहि खटला नव्हता. जेथें त्यानें हें कृत्य केलें नव्हतें, तेथें मात्र त्याला उभा करावयाचें होतें.

एका राज्याच्या हद्दींतील आरोपी दुसऱ्या राज्याच्या मागणीवरून त्याच्या स्वाधीन करणें यास प्रत्यार्पण म्हणतात. इंग्लंड व अमेरिका यांच्यामध्यें याविषयीं जो जुना महत्त्वाचा करार, तो १८४२ सालचा. त्यांत गुन्ह्यांची यादीच दिलेली आहे: खून, खुनाच्या उद्देशानें केलेला हल्ला, चांचेगिरी, जाळपोळ, दरोडा, खोटा दस्तऐवज करणें व तो चालविणें. यादी आखूड होती याला कारण होतें. हीं कृत्यें दोन्ही देशांत निर्विवाद गुन्हे होतीं. आणि तीं करणारा मनुष्य बहुधा एका देशांत गुन्हा करून दुसऱ्या देशांत पळालेला असे. पळालेल्याला परत आणणें, एवढाच प्रत्यार्पणाचा मूळ हेतु. जें कृत्य आपल्या घरीं गुन्हा नाहीं त्यासाठीं आपला मनुष्य परक्याच्या हवालीं करावयाचा नाहीं, हा संकेत त्यांतूनच दृढ झाला. कायदेपंडित त्यास दुहेरी अपराधाचें तत्त्व म्हणतात.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं हा करार झाला त्याच १८४२ सालीं चार्ल्स डिकन्स अमेरिकेच्या प्रवासास गेला होता. त्याचीं पुस्तकें अमेरिकेंत घरोघर वाचलीं जात होतीं. पण त्यांचा एक पैहि त्याला हक्क म्हणून मागतां येत नव्हता, कारण परकीय ग्रंथकारांस अमेरिकन कायदा कसलेंच संरक्षण देत नसे. लंडनहून आलेली प्रत जहाजावरून उतरावी आणि तेथील छापखान्यांनीं ती अल्पावकाशांत स्वस्त कागदावर छापून बाजारांत आणावी, असा राजरोस व्यवहार चाले. बोस्टन आणि हार्टफर्ड येथील मेजवान्यांच्या प्रसंगीं डिकन्सनें या अन्यायाचा उल्लेख केला, तेव्हां पाहुणचार घेऊन पैशाच्या गोष्टी बोलतो म्हणून कित्येक अमेरिकन वृत्तपत्रांनीं त्याच्यावरच तोंडसुख घेतलें. हा कायदा बदलावयास १८९१ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंतच्या अर्धशतकांत इंग्लिश ग्रंथकारांचें नुकसान थोडें झालें नाहीं. परंतु फिलाडेल्फियाच्या मुद्रकास बेड्या घालून लंडनच्या न्यायालयापुढें उभा करा, अशी मागणी इंग्लंडच्या सरकारनें केली नाहीं. करारांतील चांचेगिरी ही समुद्रावरची होती. मुद्रकानें आपल्या देशांत, आपल्या देशाचा कायदा पाळून पुस्तक छापलें होतें. तेव्हां जें भांडण होतें तें त्या मुद्रकाशीं नसून त्या कायद्याशीं होतें. आज स्वामित्वहक्काच्या रक्षणासाठीं जगभर हात पसरणाऱ्या राष्ट्राला या सवलतीचा लाभ एके काळीं पुरेपूर मिळाला होता, हें येथें सांगितल्यास वावगें होणार नाहीं.

इंग्लंड व अमेरिका यांचा २००३ सालीं झालेला नवा करार निराळ्या धर्तीचा आहे. त्यांत यादी नाहीं. दोन्ही देशांत एक वर्ष किंवा अधिक शिक्षेस पात्र असलेलें कोणतेंहि कृत्य त्याच्या कक्षेंत येतें. दुहेरी अपराधाचें तत्त्व यांतहि शाबूत आहे. मात्र आतां तें पडताळून पाहण्याची रीत अशी कीं, आरोपांतील कृत्य इंग्लंडांत घडलें आहे अशी कल्पना करावयाची, आणि मग इंग्लिश कायद्यानें तें गुन्हा ठरलें असतें कीं काय हें पाहावयाचें. ओड्वायरच्या बाबतींत कल्पनेची जरूर नव्हती. कृत्य खरोखरच इंग्लंडांत घडलें होतें. मग साधा मनुष्य विचारील कीं, तें इंग्लंडांत गुन्हा असेल तर इंग्लंडनेंच खटला कां भरला नाहीं? आणि नसेल, तर त्याला पाठविण्याची गोष्ट कशास?

या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नव्हतें. इंग्लंडच्या १९८८ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत, धंद्याच्या ओघांत अथवा मालकाचें नुकसान होईल इतक्या प्रमाणांत, परक्याची कृति लोकांपर्यंत पोंचविणें हा गुन्हा मानलेला होता व त्यास तेव्हां दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण दुवा लावणें म्हणजे कृति पोंचविणें होय काय? दोनच वर्षांपूर्वीं, २०१० सालीं, ग्लॉस्टरच्या न्यायालयांत ‘टीव्ही-लिंक्स’ नांवाच्या अशाच एका संकेतस्थळाचा खटला निघाला होता. दुवे लावणारा हा केवळ वाहक आहे, मालाचा धनी नव्हे, हा बचाव मान्य करून तेथील न्यायाधीशानें आरोप काढून टाकले होते. ओड्वायरच्या वकिलांचा सारा भर या निकालावर होता. १३ जानेवारी २०१२ रोजीं लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांत जिल्हा न्यायाधीश क्वेंटिन पर्डी यांनीं त्यांचें म्हणणें फेटाळलें. टीव्हीशॅकवर कोणीं दुवे लावावे व कोणीं लावूं नयेत हें ओड्वायर स्वतः ठरवीत असे. सबब तो नुसता वाटाड्या नव्हता, असा न्यायाधीशांचा अभिप्राय पडला.

हा अभिप्राय कदाचित् बरोबरहि असेल. वाटाड्या जेव्हां पांथस्थाला नेमक्या एकाच धर्मशाळेंत नेतो आणि प्रत्येक खेपेस दलाली घेतो, तेव्हां त्याचें वाटाडेपण कितपत उरतें ही शंका कोणालाहि येईल. परंतु हें लक्षांत ठेविलें पाहिजे कीं, प्रत्यार्पणाचें न्यायालय गुन्हा शाबीत झाला कीं नाहीं हें ठरवीत नाहीं. तेथें ज्यूरी नसते, आरोपाच्या शाबितीसाठीं साक्षीपुरावा होत नाहीं. आरोप खरा मानला तर तो घरच्या कायद्यांत बसूं शकतो काय, एवढेंच तें चांचपून पाहतें. खून किंवा दरोडा यांच्या बाबतींत एवढ्यानें भागतें, कारण खून हा गुन्हा आहे काय असा वाद कोठेंच नसतो. येथें मात्र सारा वाद त्याच एका प्रश्नाचा होता. ज्या प्रश्नावर घरच्या दोन न्यायाधीशांचीं मतें दोन दिशांस गेलीं, त्याचा कायम निकाल घरच्या रीतसर खटल्यांत लागावयास हवा होता. तो न लागतां तोंडओळखीवरच काम भागवून माणसाला विमानांत बसवावयाचें, हें त्या जुन्या तत्त्वाच्या शब्दांस धरून असेलहि. त्याच्या हेतूस धरून आहे असें म्हणवत नाहीं.

मराठी श्रोत्यांस हा विषय सर्वस्वीं परका नाहीं. १९१० सालीं विनायक दामोदर सावरकर यांस लंडनमध्यें पकडण्यांत आलें, व बो स्ट्रीटच्या न्यायालयापुढें उभें करून, पळून गेलेल्या आरोपींसंबंधींच्या १८८१ च्या कायद्याखालीं हिंदुस्थानांत पाठविण्यांत आलें. मुंबईस त्यांचा खटला ज्या खास न्यायाधीशमंडळापुढें चालला तेथें ज्यूरी नव्हती व त्याच्या निकालावर अपीलहि नव्हतें. त्या राजकीय खटल्याची तुलना टीव्हीशॅकशीं करणें अर्थातच हास्यास्पद होईल. परंतु खटला कोठें चालावयाचा हें एकदां ठरलें कीं, तो कसा चालावयाचा हेंहि पुष्कळसें ठरून जातें, ही गोष्ट मराठी घरांतून त्या वेळेपासून ठाऊक आहे. प्रत्यार्पणाचें जें काम एके काळीं बो स्ट्रीटला चाले, तेंच पुढें वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयाकडे आलें.

परदेशचा खटला म्हणजे काय याची कल्पना ऑस्ट्रेलियांतील ह्यू ग्रिफिथ्स याच्या हकीकतीवरून येते. संगणकाचे कार्यक्रम कुलूप फोडून फुकट वांटणाऱ्या ‘ड्रिंक ऑर डाय’ नांवाच्या टोळीचा हा पुढारी. यांत त्यानें पैसा मिळविला नव्हता आणि त्यानें अमेरिकेंत कधीं पाऊलहि टाकलेलें नव्हतें. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानेंहि हें कृत्य गुन्हाच होतें. पण तेथें त्याच्यावर खटला झाला नाहीं. २००४ सालीं पहिल्या मॅजिस्ट्रेटनें त्याला पाठविण्यास नकार दिला, वरच्या न्यायालयानें तो नकार फिरविला, आणि फेब्रुवारी २००७ मध्यें तो व्हर्जिनियांत पोंचता झाला. तेथें त्यानें गुन्हा कबूल केला व त्यास ५१ महिन्यांची शिक्षा झाली. यापैकीं बराच काळ, सुमारें तीन वर्षे, त्यानें प्रत्यार्पणाच्या भांडणापायींच ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगांत आधीं काढलेला होता.

न्यूझीलंडमधील किम डॉटकॉम याचें प्रकरण याहून मोठें व याहून गुंतागुंतीचें. ‘मेगाअपलोड’ या त्याच्या कंपनीवर २० जानेवारी २०१२ रोजीं धाड पडली. गृहस्थ श्रीमंत, राहणी बादशाही, तेव्हां सहानुभूति वाटावी असा आरोपी हा नव्हे. पण फेब्रुवारी २०१७ मध्यें तेथील उच्च न्यायालयानें काय म्हटलें तें पाहण्यासारखें आहे. इंटरनेटवरून संरक्षित कृति लोकांपर्यंत पोंचविणें हा न्यूझीलंडच्या स्वामित्वहक्काच्या कायद्याखालीं फौजदारी गुन्हाच नाहीं, असें न्यायाधीशांनीं स्पष्टपणें सांगितलें. आणि त्याच निकालपत्रांत, तेंच कृत्य फसवणुकीच्या सदराखालीं बसतें म्हणून प्रत्यार्पण होऊं शकतें, असेंहि ठरविलें. एक दार बंद आढळलें, तर शेजारचें उघडें निघालें. पुढें अपील न्यायालयानें २०१८ सालीं कारणमीमांसा बदलली, परंतु फळ बदललें नाहीं. ४ नोव्हेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तेरापैकीं बारा आरोपांवर प्रत्यार्पण करतां येईल असा निर्णय दिला, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें न्यायमंत्र्यांनीं हुकुमावर सही केली. आपल्या देशांत हें कृत्य गुन्हा आहे कीं नाहीं याविषयीं देशांतील श्रेष्ठ न्यायाधीशांस वर्षानुवर्षे काथ्याकूट करावा लागतो, तेथें तें कृत्य करतेवेळीं सामान्य नागरिकास कायदा ठाऊक होता असें मानावें, हा कायद्याचा हट्टच म्हटला पाहिजे.

चित्रपट काढणारांची बाजू येथें विसरतां कामा नये. शेंकडों माणसांच्या श्रमानें तयार झालेली कृति दुसऱ्यानें फुकट दाखवावी आणि त्यावर जाहिरातींचे पैसे घ्यावे, हें डिकन्सच्या वेळीं जितकें अन्यायाचें होतें तितकेंच आजहि आहे. त्या नुकसानीची दाद त्यांना लंडनच्या न्यायालयांत मागतां आली असती. फिर्यादीस लागणारा पैसा व वकील यांची त्यांच्याजवळ वाण नव्हती. कृत्य करणारा लंडनहून आगगाडीच्या दोन-तीन तासांच्या अंतरावर होता.

ओड्वायरला पाठविण्याच्या हुकुमास गृहमंत्री थेरेसा मे यांनीं १३ मार्च २०१२ रोजीं संमति दिली. तोंपर्यंत त्याच्या आईनें हा प्रश्न वृत्तपत्रांतून व पार्लमेंटच्या सभासदांपुढें चिकाटीनें मांडला होता. ती व्यवसायानें परिचारिका. कायद्याचा अभ्यास नसलेली ही बाई करारांचीं कलमें वाचूं लागली. जून महिन्यांत विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनीं त्याच्या बाजूनें एक अर्ज काढला व त्यावर अडीच लक्षांहून अधिक लोकांनीं सह्या केल्या. उच्च न्यायालयांत अपील चालावयाचें, तों २८ नोव्हेंबर २०१२ रोजीं तडजोड झाल्याचें जाहीर झालें. ओड्वायरनें आपण होऊन न्यूयॉर्कला जावें, वीस हजार पौंड भरावे, पुन्हां असें न करण्याचें वचन द्यावें, आणि अमेरिकेनें खटला पुढें चालवूं नये. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत तो गेला, कागदांवर सही केली आणि परत आला. आईच्या दृष्टीनें याहून चांगला शेवट नव्हता. कायद्याच्या दृष्टीनें मात्र, दुवा लावणें हा त्या वेळीं इंग्लंडांत गुन्हा होता कीं नाहीं, हा प्रश्न त्याच्या प्रकरणांत जागच्या जागींच राहिला. त्यावर वरच्या न्यायालयाचा निकाल कधीं झालाच नाहीं.

इंग्लंडनें यांतून कांहींच घेतलें नाहीं असें नव्हे. २०१३ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, आरोपीच्या कृत्याचा बराचसा भाग ब्रिटनमध्येंच घडला असेल आणि न्यायाच्या दृष्टीनें खटला तेथें चालणें इष्ट असेल, तर प्रत्यार्पण रोखण्याचा अधिकार न्यायाधीशांस मिळाला. नुकसान कोठें झालें, पुरावा कोठें आहे, आरोपीचे लागेबांधे कोठले, हेंहि त्यांनीं पाहावयाचें. फेब्रुवारी २०१८ मध्यें, अमेरिकन सरकारच्या संगणकांत शिरल्याचा आरोप असलेल्या लॉरी लव्ह याचें प्रत्यार्पण लंडनच्या उच्च न्यायालयानें याच दुरुस्तीच्या आधारें नाकारलें. मात्र स्वामित्वहक्काच्या इंटरनेटवरील भंगाची शिक्षा २०१७ च्या कायद्यानें दोन वर्षांवरून दहा वर्षांवर नेली आहे, तेव्हां एक वर्षाची अट भरते कीं नाहीं हा वाद आतां कोणी घालणार नाहीं.

पुण्यामुंबईच्या वसतिगृहांतून संगणकावर रात्री जागविणारीं मुलें कांहीं कमी नाहींत; त्यांच्या पालकांस भारताची स्थिति ठाऊक असावी. भारत व अमेरिका यांचा प्रत्यार्पणाचा करार १९९७ सालचा. त्यांतहि गुन्ह्यांची यादी नाहीं. दोन्ही देशांत एक वर्षाहून अधिक शिक्षेचें कृत्य असलें म्हणजे पुरे. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांतील त्रेसष्टाव्या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. मागितलेला मनुष्य आपला नागरिक आहे एवढ्या कारणावरून नकार देतां येणार नाहीं, असेंहि त्या करारांत स्पष्ट लिहिलेलें आहे. अशी मागणी आली तर मॅजिस्ट्रेट चौकशी करील, पण ती प्रथमदर्शनीं पुरावा आहे कीं नाहीं एवढ्यापुरती. प्रकरण क्षुल्लक आहे, अथवा मनुष्य पाठविणें अन्यायाचें होईल, असें म्हणून त्याला थांबविण्याची तरतूद १९६२ च्या प्रत्यार्पणाच्या कायद्यांत एकोणतिसाव्या कलमांत आहे. परंतु तो अधिकार न्यायाधीशाच्या हातीं दिलेला नाहीं, केंद्र सरकारच्या हातीं दिलेला आहे.